एका खेळाडूचा दावा

खेळाडूची कीर्ति बहुधा त्यानें जिंकून दिलेल्या सामन्यांवरून मोजली जाते. परंतु ज्याचें नांव मुख्यतः एका हरलेल्या दाव्यामुळें लोकांच्या स्मरणांत राहिलें, असा एक खेळाडू अमेरिकेंत होऊन गेला. त्याचें नांव कर्ट फ्लड. बेसबॉल हा तिकडील अत्यंत लोकप्रिय खेळ. आपल्या क्रिकेटप्रमाणें त्यांतहि एकजण चेंडू टाकतो, दुसरा तो दांडूनें टोलवितो आणि बाकीचे मैदानांत पसरून तो अडवितात. परंतु तेथें हा खेळ एक मोठा धंदाहि आहे. खेळाडू पगारी असतात व संघांना मालक असतात. या मालकांच्या एका जुन्या हक्कास फ्लड यानें आव्हान दिलें.

फ्लडचा जन्म ता. १८ जानेवारी १९३८ रोजीं ह्यूस्टन शहरीं झाला. त्याचें बालपण कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत गेलें. १९५६ सालीं सिनसिनाटीच्या संघानें त्यास चाकरीस घेतलें व उमेदवारीसाठीं दक्षिणेकडील लहान गांवांच्या संघांत धाडलें. सोबतचे गोरे खेळाडू उपाहारगृहांत बसून जेवीत, तेव्हां यास मागच्या दारीं उभें राहून अन्न घ्यावें लागे. एकदां तर त्याचे घामानें भिजलेले कपडे इतरांच्या कपड्यांत मिसळूं नयेत म्हणून नोकरानें ते काठीनें उचलून वेगळे केले. ‘विटाळ’ हा शब्द तेथील भाषेंत नसेल. पण वस्तु तीच होती.

१९५७ सालच्या अखेरीस फ्लड व्हेनेझुएला देशांत खेळत असतां त्यास एक तार आली. सिनसिनाटीनें त्यास सेंट लुइसच्या संघास देऊन टाकलें होतें! एकोणीस वर्षांच्या त्या मुलास कोणीं एका शब्दानेंहि विचारलें नव्हतें. अशी अदलाबदल पुन्हां सोसावयाची नाहीं, असें त्यानें त्याच वेळीं मनाशीं ठरविलें.

सेंट लुइस येथें तो बारा हंगाम खेळला. मैदानाच्या मधल्या भागाच्या रक्षणांत त्याची बरोबरी करणारे फार थोडे होते. १९६३ पासून १९६९ पर्यंत लागोपाठ सात वर्षें उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा मान त्यास मिळाला. १९६६ च्या सबंध हंगामांत त्याच्या हातून एकहि चूक झाली नाहीं, व सलग २२६ सामने निर्दोष खेळण्याचा विक्रम त्यानें केला. दांडूच्या कामींहि तो कमी नव्हता. दर हजारीं २९३ यशस्वी टोले हें त्याचें कारकीर्दीचें प्रमाण आहे. १९६४ व १९६७ सालीं त्याच्या संघानें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. १९६८ च्या अंतिम सामन्यांत मात्र डेट्रॉइटविरुद्ध एका उंच चेंडूचा त्याचा अंदाज चुकला, तो डोक्यावरून गेला आणि अजिंक्यपद हातचें निसटलें.

ता. ७ ऑक्टोबर १९६९ रोजीं चालकांनीं त्यास दूरध्वनीवरून कळविलें कीं, त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे पाठविण्यांत आलें आहे. या व्यवहारांत एकंदर सात खेळाडूंची अदलाबदल ठरली होती. त्या काळच्या करारांत असें एक कलम असे कीं, मुदत संपली तरी मालकास तो करार आणखी एक वर्ष वाढवितां येई. आणि मालकांच्या मतें हें वाढविणें कधींच संपत नसे. खेळाडूनें त्या मालकाकडे खेळावें, तो धाडील तेथें जावें, नाहींतर खेळ सोडून घरीं बसावें! शिवाय १९२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला होता कीं, बेसबॉल हा आंतरसंस्थानीय व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरुद्धचे कायदे त्यास लागू नाहींत.

फ्लड यास त्या वेळीं वर्षाला ९० हजार डॉलर मिळत, व फिलाडेल्फिया त्याहून अधिक देण्यास तयार होती. तेव्हां पैशासाठीं भांडण्याचें त्यास कारण नव्हतें. खेळाडूंच्या संघटनेचा कारभारी मार्व्हिन मिलर यानें त्यास स्पष्ट बजाविलें कीं, दावा जिंकण्याची आशा थोडी आहे, आणि जिंकला तरी त्याची स्वतःची कारकीर्द संपल्यासारखीच आहे. यावर फ्लडनें एवढेंच विचारलें कीं, इतर खेळाडूंचें यांत कांहीं हित होईल काय? होईल, असें उत्तर मिळतांच तो तयार झाला. ता. २४ डिसेंबर १९६९ रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांस पत्र लिहिलें. आपण खरेदी-विक्रीची वस्तु नसून माणूस आहों, हें त्याचें सार होतें. कून यांनीं मागणी नाकारली व जानेवारी १९७० मध्यें दावा दाखल झाला.

खेळाडूंच्या प्रतिनिधींनीं एकमतानें पाठिंब्याचा ठराव केला होता. परंतु चौकशीच्या वेळीं त्या काळीं खेळणारा एकहि खेळाडू न्यायालयांत येऊन बसला नाहीं. निवृत्त झालेले जॅकी रॉबिन्सन व हँक ग्रीनबर्ग मात्र त्याच्या बाजूनें साक्ष देऊन गेले. खालच्या न्यायालयांत दावा फेटाळला गेला. १९७० चा हंगाम फ्लड घरीं बसून होता. १९७१ सालीं वॉशिंग्टनच्या संघांत तो परत आला, पण पायांतील चपळाई गेली होती. अवघे १३ सामने खेळून त्यानें मैदान सोडलें व स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन राहिला. तेथेंच त्यास निकाल कळला. ता. १९ जून १९७२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. बेसबॉलला मिळालेली ही सवलत विसंगत आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु ती दूर करणें हें कायदेमंडळाचें काम आहे, असें म्हटलें.

पुढचीं वर्षें कष्टाचीं गेलीं. मद्याच्या व्यसनानें त्यास ग्रासलें; त्यांतून तो पुढें सांवरला. पण त्यानें ढकललेलें दार फार दिवस मिटून राहिलें नाहीं. ता. २३ डिसेंबर १९७५ रोजीं पीटर साइट्स या लवादानें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणांत निवाडा दिला कीं, करार एक वर्षच वाढवितां येतो. त्यानंतर खेळाडू मोकळा! १९७० सालीं खेळाडूचा सरासरी पगार सुमारें २९ हजार डॉलर होता, तो १९९२ सालीं दहा लाखांवर गेला. त्यांतील एक डॉलरहि फ्लडच्या पदरीं पडला नाहीं.

ता. २० जानेवारी १९९७ रोजीं घशाच्या कर्करोगानें तो वारला, वय ५९. ऑक्टोबर १९९८ मध्यें अमेरिकन कायदेमंडळानें केलेल्या नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. मोठ्या संघांतील खेळाडूंच्या चाकरीपुरते तरी मक्तेदारीविरुद्धचे कायदे त्यायोगें बेसबॉलला लागू झाले. त्या कायद्यास कर्ट फ्लड याचेंच नांव दिलेलें आहे. दावा हरलेल्या माणसाचें नांव कायद्याच्या पुस्तकांत गेलें. पण तें पाहण्यास तो माणूस उरला नव्हता.