काळ्या मातीतला शोषखड्डा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



संडास बांधून दिला तरी शेतकरी लोटा घेऊन बाहेरच जातो, त्याला सवयच तशी, असे सांगणारे साहेब पुष्कळ भेटतात. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले, घरामागे १२,००० रुपये अनुदान ठरले, संडास उभे राहिले. मग कितीतरी संडासांत सरपण का भरलेले दिसते?

सवयीचे सोडा, आधी आपली जमीन बघा. कपाशीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून त्या भेगा मिटवते. एकदा मिटली की पाणी खाली जिरत नाही. शेतात पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते ती त्यामुळेच. हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. या मातीत मुरमाच्या जमिनीच्या मापाचा खड्डा घेतला, सिमेंटच्या कड्या रचून सांधे बुजवले, तळाला काँक्रीट ओतले, तर तो शोषखड्डा राहिला कुठे? तो हौद झाला. आखाडात तो भरणार आणि घाण भांड्यात वर येणार. पुन्हा घरची बाई अंधार पडायची वाट बघत बसणार, चिखलातून, विंचूकाट्यातून जाणार. वेचणीच्या दिवसांत बाया पाणी कमी पितात, ते उगीच नाही.

उपाय साधा आहे. खड्डा मोठा घ्या. विटांचे बांधकाम जाळीदार ठेवा, तळ मातीचाच राहू द्या. बांधकामाच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर रुंदीत वाळू किंवा बारीक खडी भरा. माती फुगली तरी पाण्याला पसरायला जागा राहते. खड्ड्याचे तोंड जमिनीपेक्षा उंच घ्या, म्हणजे पावसाचा लोंढा आत शिरणार नाही. विहीर आणि हातपंपापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खणा. खाली फत्तर असेल तर जास्तच लांब, कारण भेगांतून घाण थेट झऱ्याला लागते. हवेची नळी लागत नाही, वायू मातीतच मुरतो. नळी लावून बिल फुगवणारे असतात.

आणि खड्डे दोन हवेत, एकमेकांपासून निदान खोलीइतक्या अंतरावर. एका वेळी एकच चालू. तो भरला की चेंबरमध्ये तोंड फिरवायचे. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आत वास नसलेले कोरडे खत होते, ते वावरात टाकता येते. एकच खड्डा असला तर ओला मैला उपसणार कोण? माणसाकडून हाताने मैला उपसून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते कुणाला सांगायचे काम नव्हते.

ज्यांचा एकच कड्यांचा खड्डा झाला आहे, त्यांनी तो मोडू नये. शेजारी अंतर सोडून वाळू भरलेला दुसरा घ्यावा, मध्ये चेंबर बांधावे. खणायचे काम उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी उरका. गवंडी विटा लावत असेल तेव्हा घरातले एक माणूस तिथे उभे पाहिजे.