एरर द्या, शून्य देऊ नका



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. अध्यक्षाने उद्याच्या तंत्रज्ञानाविषयी बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र एका जुन्या, कंटाळवाण्या प्रश्नाकडे वळतो: फंक्शनला चुकीच्या टाइपची व्हॅल्यू दिली, तर त्याने करावं काय?

पीएचपीच घ्या. इथल्या अनेकांनी पहिली कमाई तिच्यावरच केली आहे. २०१५ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत, स्ट्रिंग मागणाऱ्या तुमच्या स्वतःच्या फंक्शनला अ‍ॅरे दिला की टाइपएरर फेकला जायचा. तोच अ‍ॅरे भाषेच्या अंगभूत स्ट्रलेनला दिला, तर नुसती वॉर्निंग यायची, हाती नल पडायचा आणि प्रोग्राम पुढे चालू! फाइलीच्या माथ्यावर स्ट्रिक्ट टाइप्सची ओळ असली तर मात्र स्ट्रलेनही टाइपएरर फेकायचं. म्हणजे चूक तीच, पण फंक्शन कोणाचं आणि फाइलीच्या माथ्यावर काय लिहिलंय, यावर शिक्षा ठरणार. लाइव्ह सर्व्हरवर वॉर्निंग पडद्यावर दिसत नाहीत, आणि लॉग कोण वाचतो? तो नल पुढे बेरजेत शून्य होतो, स्ट्रिंगला जोडला की नाहीसा होतो, आणि चूक उघडी पडते ती भलत्याच फाइलीत.

नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आली आणि हा दुजाभाव बराचसा संपला. अंगभूत फंक्शन्सही टाइपएरर फेकू लागली. बराचसाच, कारण नलचे लाड चालूच राहिले. स्ट्रिक्ट टाइप्स नसतील तर स्ट्रलेनला नल द्या, लांबी शून्य मिळते, ८.१ पासून त्यावर डेप्रिकेटेडची सूचना येते, इतकंच. नव्या आवृत्तीने आमचा चालता कोड मोडला, असं गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यांना मी सांगतो, तो आधीच मोडलेला होता, तुम्हाला पत्ता नव्हता.

जावास्क्रिप्टची तऱ्हा निराळी. नंबरला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य, नल दिला तरी शून्य, अनडिफाइन्ड दिलं तर नॅन. बिगइंटला अक्षरं दिली की सिंटॅक्सएरर, दीड दिला की रेंजएरर, अनडिफाइन्ड दिलं की टाइपएरर. तीन तऱ्हेचे एरर पकडताना जीव मेटाकुटीला येतो, तरी दोघांत मला बिगइंटच बरं वाटतं. निदान ओरडतं तरी.

आता आपल्या घरचं पाहू. फॉर्ममध्ये एका आजींनी वय देवनागरीत भरलं: ६७. पायथनचं इंट ते बिनतक्रार सदुसष्ट म्हणून घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर नॅन देतं. पीएचपीत इंटमध्ये कास्ट केलं की शून्य, तेही चकार शब्द न काढता, आठव्या आवृत्तीतसुद्धा. आजींचं वय शून्य, ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही! हे आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या टेस्टमध्ये सापडणार आहे?

म्हणून समारोपाच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. मराठी वापरणाऱ्यांसाठी आपण लिहू त्या प्रत्येक लायब्ररीच्या टेस्टमध्ये देवनागरी अंक, रिकामी स्ट्रिंग, नल आणि अ‍ॅरे ही चार इनपुट असावीत. देवनागरी अंकांची बरोबर संख्या मिळावी, बाकी तिन्हींना एकाच जातीचा एरर. अनुमोदक अजून मिळालेला नाही. इच्छुकांनी चहाच्या वेळी मला गाठावं.