एका विद्यार्थिनीच्या स्मरणार्थ
(गागोदे बुद्रुक येथील स्मरणसभेंत झालेलें भाषण)



आज ज्या मुलीसाठीं आपण जमलों आहों, तिचें नांव आम्ही येथें घेणार नाहीं. तिच्या आईची तशी इच्छा आहे. ती पंधरा वर्षांची होती व तीन वर्षें आमच्या वर्गांत होती. माणूस गेल्यावर गोड शब्द बोलणें सोपें असतें. पण आम्ही शिक्षक आहों; आमच्या हातून जें चुकलें तें प्रथम सांगणें आमचें कर्तव्य आहे.

बारा वर्षांची असतां ती वर्गांतून वारंवार पाणी पिण्यास व लघवीस जाऊं लागली. आम्हीं तिला कामचुकार म्हटलें, बाकावर उभें केलें. मुलगी वाळत चालली होती, तें आम्हांस दिसलें नाहीं. पुढें ती बेशुद्ध पडली, रक्त तपासलें, तेव्हां मधुमेह निघाला. मुलांस होणारा हा मधुमेह साखर खाल्ल्यानें होत नाहीं, शिवल्यानें लागत नाहीं, आणि पूर्वजन्मीच्या पापाचें तर हें फळ नव्हेच. शरीरच आपल्या स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करतें. मग इन्सुलिन रोज, जन्मभर, बाहेरून टोंचून घ्यावें लागतें.

११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरांटो येथें हें औषध प्रथम ज्याला टोंचलें, तो लेनर्ड थॉम्सन चौदा वर्षांचा मुलगाच होता. मरणाच्या दारांतला तो पोर आणखी १३ वर्षें जगला. शोधकांनीं आपला हक्क एकेका डॉलरला विद्यापीठास देऊन टाकला. असें हें औषध गरिबाच्या झोंपडींतही पोहोंचलें पाहिजे.

आमची विद्यार्थिनी शेतमजुराची मुलगी. घरीं फ्रीज नव्हता; तिची बाटली ओल्या वाळूंत ठेवलेल्या मडक्यांत राही. रोजची साखर ती वहींत मांडी. हिशेबांत ती आमच्याहून पक्की. लहान मुलांस बेरीज-वजाबाकी तीच शिकवी. एकदां परीक्षेंत तिचे हात कांपूं लागले. तिनें कंपासपेटींतून साखरेची पुडी काढली, तोंच आम्हीं ती हिसकावली. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हा खाऊ नाहीं, औषध आहे." रक्तांतील साखर फार उतरली तर जीवही जाऊं शकतो, हें आम्हांस त्या पोरीनें शिकविलें.

लावणीच्या दिवसांत तिला ताप आला, उलट्या झाल्या. पोटांत अन्न नाहीं, मग सुई कशाला, असें घरच्यांस वाटलें. कोणीं अंगारा आणून दिला. दोन दिवस इन्सुलिन बंद राहिलें; रक्तांत आम्ल सांचलें, श्वास जोरानें चालूं लागला. दवाखान्यांत नेईपर्यंत वेळ टळली होती. आम्ही त्या आईस दोष देत नाहीं. आजारपणांत इन्सुलिन बंद करूं नये, उलट साखर अधिक वेळां तपासून डॉक्टरास विचारावें, हें तिला कोणीं समजावून सांगितलें नव्हतें. ज्यांच्या हातांत पुस्तक आहे ते आम्हीही गप्प राहिलों.

"आजारी मुलीला शिकवून काय उपयोग?" असें विचारणारे गृहस्थ येथें बसले आहेत. ह्याच गांवीं १८९५ सालीं विनोबांचा जन्म झाला. त्यांचे धाकटे बंधू बाळकोबा ह्यांस क्षय जडला होता. तरी पुढें उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमांत त्यांनीं कित्येक वर्षें रुग्णांची सेवा केली. दुखणें जन्माचें असलें म्हणून जन्म फुकट जात नाहीं.

तेव्हां रडून घरीं जाऊं नका. पाण्यास वा लघवीस जाणाऱ्या मुलास आम्ही शिक्षक यापुढें अडविणार नाहीं. जें मूल फार पाणी पितें आणि वाळत जातें, त्याची साखर त्याच दिवशीं तपासून घ्या. आणि तिच्या तेराव्याच्या जेवणावळीस जो पैसा काढाल, त्यांतून शाळेसाठीं साखर मोजण्याचें यंत्र व पट्ट्या आणा. तिची वही तिच्या आईनें आमच्या स्वाधीन केली आहे. ती आम्ही वर्गांत ठेवूं, आणि दरवर्षीं नव्या मुलांस ती वाचावयास शिकवूं.