कढीपत्ता लावा, पण मोसंबीपासून दूर



आज कढीपत्त्याच्या लागवडीबद्दल थोडे बोलू. याला कढीलिंब, गोडलिंब असेही म्हणतात. मूळचे हे रानातले झुडूप. सह्याद्रीच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत आपोआप उगवते. पान हिरवेगार, चकचकीत. दाराला शोभा येते आणि फोडणीची सोय होते. आपल्या जालना जिल्ह्याच्या उन्हातही ते न्हाणीच्या पाण्यावर तग धरते. मात्र मुळाशी पाणी साचू देऊ नका. काळ्या भारी जमिनीत खड्डा भरताना मुरूम व शेणखत मिसळा.

पिकून काळी झालेली फळे घ्या, गर धुऊन काढा आणि बी लगेच पेरा. बी डब्यात जपून पुढच्या वर्षी पेराल तर उगवणार नाही. जुन्या झाडाच्या मुळावर फुटलेली रोपेही पावसाळ्यात मुळासकट काढून लावता येतात. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील.

आता मुख्य गोष्ट. कढीपत्ता आणि मोसंबी एकाच कुळातले. भाऊबंद एका बांधाला आले की काय होते, हे तुम्हाला काय सांगावे! सायला नावाची बारीक तपकिरी कीड दोघांच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. बागेत नवती नसेल तेव्हा ती खुडलेल्या कढीपत्त्याच्या पालवीवर पोसते आणि बहाराची नवती फुटली की बागेत परतते. हीच कीड मोसंबीत ग्रीनिंग रोग पसरवते. रोगट झाड औषधाने बरे होत नाही.

अंबड भागात एक बाग पाहिली. २०१२ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेली. मालक म्हणाले, "साहेब, दोनदा फवारलं, कीड हटंना." बांधावर कढीपत्त्याची ओळ होती. पालवी उलटून पाहिली, तर सायलाची पिल्ले आणि त्यांचे पांढरे मेणचट धागे. ओळ काढा म्हटल्यावर घरातल्या आजी रागावल्या. त्यांचेही खरेच होते, झाडे त्यांनी लावलेली. शेवटी गावातल्या घरामागे एक झाड लावायचे ठरले.

बागेच्या बांधाला झुडूपच हवे असेल तर अडुळसा लावा. पावसाळ्यात फाट्यावरून येतो, शेळ्या तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला पानेही होतात.

दारच्या कढीपत्त्यावर अळी दिसली तर हाताने वेचा. बागेचे औषध त्यावर मारू नका; ते पान उद्या आमटीत पडणार आहे.