फूल डोक्यावरून मारायचं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत पोटगी, रेशन आणि आरोग्य यांच्या शेजारी बॅडमिंटन पाहून काही जणी हसल्या. ‘हा तर चांगल्या घरच्यांचा खेळ,’ असं एकीने जेवणाच्या सुट्टीत म्हटलंही. तिचं अगदीच चूक नाही. ठाण्या-डोंबिवलीत खासगी हॉल तासावर भाड्याने घ्यावा लागतो आणि पिसांची फुलं भराभर तुटतात. पण मी सामन्यांबद्दल बोलणार नाही. सात ते बारा वर्षांची, रॅकेट पहिल्यांदाच हातात धरणारी मुलं एवढाच माझा विषय. त्यांना प्लास्टिकचं फूल पुरतं. नेट नसेल तर दोन खांबांना पाच फुटांवर दोरी बांधली की झालं.

गेली चार वर्षं डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस आम्ही हा वर्ग चालवतो. शिकवणाऱ्या प्रशिक्षक बाई आहेत, मी त्यांच्या हाताखाली. मी समाजकार्य शिकले, खेळ कॉलेजपुरता. पण मुलीचं शरीर कसं आखडत नेलं जातं, हे एम.ए.च्या दोन वर्षांत कळलं नाही तेवढं या सभागृहात कळलं.

पहिले काही दिवस आम्ही रॅकेट देतच नाही. हातात फूल देतो आणि सांगतो, डोक्यावरून फेक, जाईल तितकं लांब. बहुतेक मुलगे कोपर मागे नेतात, अंग वळवतात आणि फेकतात. बहुतेक मुली कोपर बरगडीला चिकटवून फूल नुसतं पुढे ढकलतात. दारात उभे असलेले पालक म्हणतात, ‘मुलींचं असंच असायचं.’ असं काही नसतं, बायांनो. तो मुलगा तोवर कैऱ्या पाडायला दगड मारून आणि गल्लीत चेंडू फेकून आलेला असतो. मुलीला कोणी फेकूच दिलेलं नसतं. उजव्या हाताची असेल तर डावा पाय पुढे, कूस नेटकडे, कोपर कानाच्या वर, असं रोज वीस-पंचवीस वेळा करून घेतलं की दोन महिन्यांत कोणाची फेक कोणाची हे ओळखू येत नाही. मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका म्हणजे हीच फेक, फक्त हातात रॅकेट.

मग पायांची गोष्ट येते. नेटजवळ पडणारं फूल उचलायला एक पाय लांब टाकून खाली वाकावं लागतं. जिने ‘पाय जवळ घेऊन बस’ हे शंभर वेळा ऐकलंय, ती पाय टाकण्याआधी फ्रॉक सारखा करते. तेवढ्यात फूल जमिनीवर. आम्ही सगळ्यांनाच अर्धी पँट किंवा सलवार सांगितली आणि दारातली पालकांची गर्दी हटवली. पहिले दोन महिने बघायला कोणी यायचं नाही. यावर वडीलमंडळी रागावली, अजूनही रागावतात.

दुहेरीत फूल दोघांच्या मधोमध येतं तेव्हा ‘माझं!’ असं ओरडायचं असतं. मुली ओरडत नाहीत. एकमेकींकडे बघतात, फूल मधे पडतं, आणि दोघीही ‘सॉरी’ म्हणतात. जोडीदार मुलगा असला तर तो आडवा येऊन तिचंही फूल मारतो आणि ती बाजूला सरकते. म्हणून आम्ही नुसतं ओरडण्याचा सराव घेतो. शेजारच्या इमारतीतून तक्रार आली आहे! मोठ्या खेळाडूंच्या मिश्र दुहेरीत पुरुष मागे, बाई नेटजवळ अशी रचना असते, तिला डावपेचाचं कारण असतं. नऊ वर्षांच्या मुलांत तसं काहीच कारण नसतं. आमच्याकडे दर पाच गुणांनी जागा बदलतात.

हा खेळ बायकांना नवा नाही. 1870च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला नियम बांधले, त्याला ‘पूना’ असंच म्हणत. 1940च्या दशकात त्याच पुण्यातल्या ताराबाई, सुंदरबाई आणि सुमनबाई देवधर या बहिणींनी, म्हणजे क्रिकेटवाल्या दि. ब. देवधरांच्या मुलींनी, राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. मुंबईची अमी घिया 1978मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली. आणि तरी वर्षानुवर्षं पुरुषांच्या एकेरीचा गेम 15 गुणांचा नि बायकांचा 11चा होता. बाई दमते म्हणून! 2006मध्ये गुणपद्धत बदलली तेव्हा कुठे दोघांनाही 21 आले. 2011मध्ये जागतिक महासंघाने वरच्या स्पर्धांत बायकांना स्कर्टची सक्ती करायचं ठरवलं, खेळ आकर्षक दिसावा म्हणून. खेळाडूंनी विरोध केला आणि 2012मध्ये तो विचार सोडून द्यावा लागला. हे मी वर्गातल्या मुलींना सांगते. त्यांना 11 आणि 15ची गोष्ट फार आवडते, कारण ती थेट गणितात कळते.

आता हजेरीपटाकडे येते. आठ वर्षांच्या गटात मुलगे-मुली जवळजवळ सारखे. बारा वर्षांच्या गटात मुली शोधाव्या लागतात. कोणी ‘आता बंद’ असं सांगत नाही. आधी एक दिवस चुकतो, मग आठवडा. घरी गेलं की कारणं कळतात. पाणी संध्याकाळी येतं आणि भरायला तीच असते. धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. क्लास लागलेला असतो. पाळी सुरू झालेली असते आणि सभागृहाच्या संडासाला कडी नसते. एक आजी म्हणाल्या, ‘काळी पडेल.’ वर छप्पर आहे हे सांगूनही पटलं नाही. वर्गातली सगळ्यात लांब फेकणारी मुलगी अशीच थांबली. तिची आई ठाण्याला कामाला, लोकलने घरी पोचायला पावणेआठ. आम्ही वर्ग सहाऐवजी साडेचारला आणला, धाकट्या भावाला सतरंजीवर बसवण्याची सोय केली आणि कडी स्वतःच्या पैशाने लावली. ती परत आली. तिच्याबरोबर सुटलेल्या तिघी आल्या नाहीत. त्यातल्या एकीचं आता घरात लग्नाचं बोलणं चालू आहे, वय चौदा. तिच्याकडे मी उद्या जाणार आहे, बॅडमिंटनसाठी नव्हे.

स्पर्शाबद्दलही बोललं पाहिजे. पकड शिकवताना बोटं हातात धरून बसवावी लागतात, खांदा वळवावा लागतो. आमच्याकडे आधी विचारायचं, मग हात लावायचा. सभागृहाचं दार उघडं आणि दोन मोठी माणसं कायम हजर. पॉक्सो कायदा 2012चा आहे, पण फिरलेल्या किती वर्गांत तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना सांगितलेलं असतं? 2023मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या तेव्हा आपण सगळ्यांनी पाठिंब्याची पत्रकं काढली. ती काढायलाच हवी होती. पण त्याही कधीतरी आठ वर्षांच्या होत्या, आणि गप्प बसायची सवय त्या वयातच लागते.

राहिला पैशाचा प्रश्न. ठाणे महापालिकेने सय्यद मोदींच्या नावाने बॅडमिंटन प्रशिक्षण योजना चालवली. श्रीकांत वाड यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे मुलांना शिकवत आले, त्यातून अक्षय देवलकरसारखे देशासाठी खेळणारे खेळाडू निघाले. म्हणजे महापालिकेने मनावर घेतलं तर जमतं. डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल आहे, तेही आपल्याच करातून. महिला व बालकल्याणाच्या निधीचा विषय निघाला की शिलाई यंत्रं आणि मेंदीचे वर्ग पुढे येतात. शिलाईला माझा विरोध नाही. पण त्याच निधीतून मुलींसाठी दुपारची वेळ, एक प्रशिक्षिका आणि कडीचा संडास मागता येतो. 2011पासून महापालिकेच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, तेव्हा हे मागायला कोणाकडे जायचं हा प्रश्न उरत नाही.

त्याआधी आकडा हवा. माहितीच्या अधिकाराचा नमुना अर्ज मी आणला आहे. महापालिकेच्या क्रीडा संकुलांत आठ वर्षांच्या मुली किती, चौदा वर्षांच्या किती, प्रशिक्षिका किती, एवढंच विचारलंय. ठाणे, कल्याण-डोंबिवली, दोन्हीकडे टाकायचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. चहाच्या सुट्टीत झेरॉक्स काढून घ्या.

आणि कोणाच्या माळ्यावर जुन्या रॅकेट पडल्या असतील तर द्या. तार तुटलेली असली तरी चालेल, कल्याणला एक जण स्वस्तात गटिंग करून देतो.