नाडीचा कासरा



भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस पिकतो. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बाहेरगावची तोडणी कुटुंबे फडाशेजारी कोप्या उभारतात. हंगामाची अखेर उन्हाळ्यात शिरते. मार्चच्या भर दुपारी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाच्या छातीत काय घडते, हे गावातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीने जाणून घ्यावयास हवे.

हृदयाचा ताल हृदयातच निर्माण होतो. उजव्या अलिंदातील पेशींचा एक लहानसा पुंज प्रत्येक ठोक्याची सूचना देतो. कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी १९०७ मध्ये तो दाखवून दिला. हा पुंज मोकळा सोडला, तर मिनिटाला सुमारे १०० ठोके पडतील. मग स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७०-७२ च का असते? कारण मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा गाडीवानाचे काम करते. प्राणेशा तंत्रिका हा तिच्या हातातील कासरा, तर अनुकंपी तंत्रिका हा आसूड. विश्रांतीत कासरा ओढलेला असतो. डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारतातील पहिले हृदयरोपण केले. अशा रोपित हृदयाच्या तंत्रिका तुटलेल्या असल्याने ते विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते. यावरून कासऱ्याचे महत्त्व ध्यानी येते.

श्रम सुरू होताच कासरा सैल होतो, मागोमाग आसूड उठतो आणि अधिवृक्क ग्रंथींतील ॲड्रेनॅलीन त्यात भर घालते. उन्हात हृदयावर दुहेरी भार पडतो. स्नायूंना रक्त हवे असते आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे असते. त्यातच घामामुळे रक्तातील पाणी घटते. प्रत्येक ठोक्यागणिक रक्त कमी जाऊ लागते. मान व छातीतील मोठ्या रोहिण्यांमधील दाबाचे पहारेकरी ही वर्दी मेंदूला देतात आणि नाडी आणखी धावते. या व्यवस्थेला मर्यादा आहे. पाणी व सावली न मिळाल्यास ती कोलमडते.

नाडी मोजण्यास घड्याळ पुरते. विश्रांतीस बसताच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत व दुप्पट करावेत. आकडा ११० हून अधिक आल्यास कामाची पुढची पाळी एक तृतीयांशाने कमी करावी, असा कामगार-सुरक्षेचा एक प्रचलित नियम आहे. रक्तदाबाची काही औषधे नाडी दाबून ठेवतात. अशांच्या बाबतीत केवळ आकड्यावर विसंबू नये. बोलणे असंबद्ध झाले वा शुद्ध हरपू लागली, तर माणसास सावलीत नेऊन अंग भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये.

फडाजवळ पिण्याचे पाणी, सावलीची एक जागा आणि दुपारची सुटी एवढी तजवीज गावाच्या आवाक्यातील आहे. शाळेत मुलांना नाडी मोजण्यास शिकविले, तर ती विद्या कोपीपर्यंत पोहोचेल. अंगातील गाडीवान आपले काम चोख करतो. त्याच्या बैलांना पाणी पाजणे आणि सावलीत सोडणे, हे मात्र बाहेरच्यांचे कर्तव्य आहे.