पिल्लांच्या हिशेबात आई कुठे?



‘घरी पगची मादी आहे. एकदा पिल्लं काढावीत म्हणतो. चार झाली, विकली गेली, की तिचा वर्षाचा खर्च निघेल.’ हे मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे. हिशेब सरळ दिसतो. त्यात फक्त ती मादी मोजलेली नसते.

माझं नाव ऐकून काहींना वाटेल, यांचा आणि कुत्र्यांचा काय संबंध? आमच्या आजीनं कुत्र्याला उंबरठ्याच्या आत कधी घेतलं नाही. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाले, ही हदीसमधली गोष्ट तीच सांगायची आणि दाराबाहेरची कुंडीही तीच भरून ठेवायची.

छोट्या कुत्र्यांची हौस आपल्याकडे लाटांनी आली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधला टफी सगळ्यांचा लाडका झाला. तसल्या पांढऱ्या केसाळ कुत्र्यांना आपण पॉमेरेनियन म्हणत आलो. खरं तर त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एका मुलामागे पग चालत गेला आणि पगला मागणी आली. मागणी आली, की घरोघरी पैदास सुरू होते.

पण पगचं डोकं मोठं आणि ओटीपोटाची वाट अरुंद. छोट्या जातींत पिल्लं कमी होतात, आणि एकच असलं तर ते पोटात जास्त वाढून अडकतं. मग सिझेरियन. म्हणून जोड लावण्याआधीच विचारावं, रात्री दोन वाजता ही शस्त्रक्रिया कोण करील? मुंबईत सोय सापडेल. तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशींचा अनुभव दांडगा असतो, मूठभर पगचा असेलच असं नाही.

दिवस साधारण ६३ भरतात. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला, तर पिल्लं किती ते कळतं. ताप रोज मोजावा. तो ९९ फॅरेनहाइटच्या खाली उतरला, की बहुधा दिवसभरात ती विते. जोरात कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर वाट पाहत बसू नये.

आणि व्याली म्हणजे सुटली असंही नाही. आमच्या शेजारची स्पिट्झ सुखरूप व्याली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती थरथरू लागली. थंडी वाजत असेल म्हणून मुलांनी शाल पांघरली. खरं तर दुधातून कॅल्शियम निघून गेलं होतं, आणि झटक्यांनी अंग तापत होतं. शालीनं ते आणखीच तापलं. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, तेव्हा ती वाचली. पिल्लांना मग आईपासून तोडावं लागलं. घरातली माणसं पाळ्या लावून रात्री बाटलीनं दूध पाजत होती. ‘आधीच गोळ्या चारायच्या होत्या,’ असं कुणीतरी म्हणालं. ते उलटं आहे. गाभण असताना मनानं कॅल्शियम चारलं, तर शरीर स्वतःच्या हाडांतलं काढून घ्यायला सुस्तावतं आणि धोका वाढतो.

मुळात या मादीची पिल्लं व्हावीत का, हेही पाहायला हवं. छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते, पॉमेरेनियनची श्वासनलिका चेपते, पग चार पावलांत धापा टाकतो. यांतलं बरंच पिल्लांत उतरतं. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. ‘टीकप’ म्हणून विकतात ती तर वेगळी जातच नाही. लहानातलं लहान निवडून काढलेली नाजूक जनावरं आहेत.

‘एकदा तरी आई होऊ द्यावी, नाहीतर ती आजारी पडते,’ असंही सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही. उलट वेळेवर नसबंदी केली, तर गर्भाशयात पू होण्याची भीती राहत नाही आणि स्तनांच्या गाठींचीही कमी होते.

कायदाही आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करून पिल्लं विकणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांच्या आतली किंवा ८ वर्षांवरची नको, लागोपाठच्या दोन माजांत तिला लावायचं नाही, जन्मात पाचाहून अधिक वेतं नकोत, आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही.

म्हणजे दोन महिने सगळी पिल्लं तुमच्याच दोन खोल्यांत. जंतांचं औषध, पहिली लस, तीही तिथेच. आज ‘मला एक ठेवा’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांची नावं लिहून काढा आणि प्रत्येकाला विचारा, दिवसभर घरी कोण असतं, सोसायटीत चालतं का, बदली झाली तर काय करणार? यादीत दोनच नावं उरली आणि पिल्लं चार झाली, तर बाकीची दोन पुढची बारा-चौदा वर्षं तुमच्या घरी राहणार आहेत.